तिसऱ्या दिवसाचं अंडं

दारू सुटते, तपकीर सुटते, बायको आठ दिवस माहेरी जाऊन राहिली की पत्तेसुद्धा सुटतात. पण खरं बोलण्याचं व्यसन एकदा जडलं की शेवटपर्यंत सुटत नाही. अख्ख्या सिंधुदुर्गात या व्यसनाने पुरता वाया गेलेला एकच माणूस मी जवळून पाहिला, तो म्हणजे आमच्या हायस्कुलातले जीवशास्त्राचे सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. म्हणजे एकाच छपराखाली एक माणूस आहे ते सांगायला नेमलेला होता आणि दुसरा नाही ते रंगवून सांगायला. अठ्ठावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती आणि तेवढ्या काळात त्यांनी माझ्या एकाही कवितेला ‘वा’ म्हटलं नाही. एकदा मी फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘अक्षर बरा आसा तुजा.’’ माझ्या मुलाच्या बारशाला सगळं गणगोत पाळण्याभोवती जमून नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं अशी वाटणी करत होतं, तेव्हा सर वाकून बघून म्हणाले की पहिल्या महिन्यात सगळी माणसं दुधी भोपळ्यासारखी दिसतात, आजोबांनी इतक्यात हुरळून जाऊ नये. आमच्या बाबांनी पुढची चार वर्षं त्यांना घरचे हापूस पाठवले नाहीत. त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न ठरत असताना मुलीच्या बापाने मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली, तर सारे घरचे पानाचं तबक पुढे सरकवत असताना हे म्हणाले, ‘‘बारावी दोनदा नापास. पोरगो बरो आसा.’’ लग्न झालं, आणि मौजेची गोष्ट अशी की त्या व्याह्यांकडे आजही काही घडलं तर ते पुतण्याला विचारत नाहीत, सरांना फोन करतात.

दहावीच्या पुस्तकात शेवटाकडे एक प्रकरण असतं, ते सगळ्या शाळांतून ‘हे घरी वाचा’ या तीन शब्दांत शिकवलं जातं. आमचे सर ते तीन तास शिकवायचे, फळ्यावर आकृत्या काढून, मुलं-मुली एकत्र बसवून, भाताच्या लावणीबद्दल बोलावं अशा आवाजात. पहिल्या पाच मिनिटांत मागच्या बाकावरून जे काय खिदळणं व्हायचं ते व्हायचं. मग सर म्हणायचे, ‘‘हसून झालं? आता पुढे जाऊ,’’ आणि पुढे खरोखरच कोणी हसत नसे. एका वर्षी ते नेमके त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले आणि हेडमास्तरांनी त्या तासावर मला पाठवलं. मी घामाघूम झालो. पण मराठीचा मास्तर हरत नसतो. मी फुलांपासून सुरुवात केली, पराग, वारा, भुंगे, वसंत ऋतू असं करत करत तास संपेपर्यंत फुलांतच राहिलो आणि घंटा झाल्यावर म्हणालो, माणसाचंही साधारण असंच असतं. पूर्वपरीक्षेत एकवीस मुलांनी लिहिलं की मानवी मूल वाऱ्याने वाहून नेलं जातं. सरांनी तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळं प्रकरण पहिल्यापासून पुन्हा शिकवलं.

पण सरांचा खरा सोहळा म्हणजे अंडी. दर वर्षी पावसाळा सरला की त्यांच्या घरची खुडूक कोंबडी ते टोपलीत एकवीस अंड्यांवर बसवत आणि रोज एक अंडं शाळेत आणून बशीत फोडत. आज काहीच नाही, उद्या पांढरा ठिपका, आणि तिसऱ्या दिवशी बलकावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि मधोमध तिळाएवढा एक लाल ठिपका, धडधडणारा. तिसऱ्या दिवशी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. भाभींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, या शिक्षणपद्धतीला कडवा विरोध होता. कोंबड्या त्यांच्या, टोपली त्यांची आणि पिल्लं मात्र विज्ञानाची, हे त्यांना मान्य नव्हतं. एका वर्षी त्यांनी टोपलीच कडीकुलपात ठेवली. मग सरांनी तोड काढली: अंडं फोडायचं नाही, वरच्या बाजूला कवचाची टिचभर खिडकी कापायची, बघून झालं की तीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून अंडं परत टोपलीत. त्यातली काही पिल्लं खरंच बाहेर येत. भाभी त्यांना ‘शाळेतली’ म्हणत आणि पाहुणे आले तरी ती कापत नसत.

सर पाच वेळचे नमाजी. त्यांच्या माजघरात भिंतीत दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर हिरव्या मखमलीत गुंडाळलेलं कुराणशरीफ, खालच्या फळीवर जीवशास्त्राची पुस्तकं आणि कोंबडीच्या गर्भाच्या चित्रांच्या अठ्ठावीस वह्या. चष्मेही दोन: वरच्या फळीसाठी काळ्या जाड काड्यांचा, खालच्या फळीसाठी सोनेरी तारेचा. एका चष्म्याने दुसऱ्या फळीकडे बघायचं नाही असा त्यांचा दंडक होता. मी एकदा, सर, दोन्हीकडे ज्ञानच ना, एका फळीवर का नाही ठेवत, असं विचारलं, तर म्हणाले, दोन्ही पाहुणे मोठे आहेत, एका पाटावर बसवले तर दोघांचाही अपमान होतो.

आता हा दंडक दुनियेला माहीत नव्हता आणि आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मोबाईलवरच्या गटाला तर अजिबातच नव्हता. या गटात सकाळी सहाला फुलं येतात आणि सातला विज्ञान. आमच्या बाजूच्यांचं म्हणणं असं की शंभर पोरं तुपाच्या मडक्यांत वाढवण्याची विद्या आमच्या पूर्वजांना होती, मग परदेशी डॉक्टर कशाला मिशीवर ताव देतात. हे वाचून सर फक्त विचारायचे की मडकी किती लिटरची होती, आणि गटात दोन दिवस शांतता पसरायची. मग एकदा पलीकडच्या बाजूने व्हिडिओ आला. त्यात सुटाबुटातला एक गृहस्थ सांगत होता की माणूस पोटात कसा घडतो ते चौदाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे: आधी थेंब, मग चिकटून लोंबणारं काहीतरी, मग चावलेल्या घासासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. आणि पुढे पडद्यावर एकीकडे जळू आणि दुसरीकडे गर्भ, एकीकडे दातांनी चावलेला डिंक आणि दुसरीकडे गर्भ, हुबेहूब. मी भारावलो. मी लगेच भारावतो, हा माझा धंद्याचा रोग आहे. मी तो व्हिडिओ सरांना पाठवला आणि वर लिहिलं, ‘सर, अभिनंदन!’

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात. म्हणाले, ग्रंथात आहे ते आहे, त्याबद्दल बोलणं नाही. पण हा सुटवाला जळू म्हणतोय ना, मग जळू आणून माप घ्यावं लागेल, चल. भर श्रावणात आम्ही एसटीने आंबोलीला गेलो. तिथे जळू शोधावी लागत नाही, तीच माणसाला शोधते. पाच मिनिटांत लोणच्याच्या बाटलीत एक मिळाली. बाटलीच्या झाकणाला हवेसाठी भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं. मी ती मनापासून पाडली होती, आणि घाट उतरताना बाटली रिकामी असल्याचं लक्षात आलं. माझ्या पोटरीला गार गार लागलं. मी ओरडणार तेवढ्यात सरांनी माझा गुडघा दाबून धरला, खिशातली पट्टी काढली आणि म्हणाले, ‘‘हलू नको रे. आता बरोबर ताणली हा ती.’’ सगळी एसटी आमच्या सीटवर वाकून बघत होती. कंडक्टरने जळवेचं तिकीट विचारलं. घरी आल्यावर फणसपोळीचा प्रयोग झाला: सरांनी मला तुकडा चावायला दिला, दातांच्या खुणा तपासायच्या होत्या. मी चावला. फणसपोळी निघाली ती माझी कवळी घेऊनच. सरांनी वहीत नोंद केली: ‘घास: अनिर्णित. मास्तरांचे वरचे दात: सुटे.’

निष्कर्ष काय, असं मी बोबड्या बोलीत विचारलं. तेव्हा ते जे बोलले ते मला पुढे फार महागात पडलं, म्हणून इथे नीट सांगतो. त्यांनी सोनेरी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, चिकटून लोंबतं म्हणाल तर लोंबतं, घास म्हणाल तर दिसतोही घासासारखा. पण हाडं आधी आणि मांस मागून असं काही आगबोटीचं वेळापत्रक आत नसतं, दोन्ही बरोबरच घडत जातात. मग? मग काही नाही. ‘‘थंय माणसाक सांगलाहा की तू एका थेंबातसून आयलंस, जास्ती माजू नको. ता समजाक माका भिंग लागणा नाय. ग्रंथाक माज्या सूक्ष्मदर्शकाचो दाखलो कित्याक व्हयो? आणि उद्या विज्ञान बदलला, तर दाखलो परत घेवचो काय?’’

मी मान डोलावली. मला त्यातलं फक्त ‘दिसतोही घासासारखा’ एवढंच लक्षात राहिलं.

त्या वर्षी सरांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: खोली. आमच्या शाळेची प्रयोगशाळा सामानासकट मोडीत निघाली होती आणि बंदराकडच्या मोहल्ल्यातल्या मुली दहावीनंतर विज्ञान घ्यायला तयार असून, प्रयोगासाठी रोज दोन एसट्या बदलून जाऊ द्यायला घरचे तयार नव्हते. मदरशाच्या माडीवर एक मोठी खोली रिकामी पडून होती, तिच्यात जुनी जाळी आणि ईदच्या मंडपाचे बांबू. ती खोली मुलींच्या प्रयोगशाळेसाठी द्या, असा सरांचा तीन वर्षं अर्ज होता. जमातीचे अध्यक्ष हाजीसाहेब, दोन ट्रॉलरचे मालक, माणूस दिलदार, पण निर्णयाच्या बाबतीत भरतीची वाट बघणारा. मदरशाचे मौलाना उत्तरेकडचे, वयाने तरुण, गोड गळ्याचे; ते म्हणायचे, सर, बच्चियाँ पढ़ें, बहुत अच्छा, मगर लोग पूछते हैं माडीवर मेंढक काटेंगे क्या? सर खरं तेच सांगायचे: हो, बेडूकही. की अर्ज पुन्हा जाळ्यांखाली.

सरांनी मला खोली मिळवून दे असं कधी म्हटलं नव्हतं. हे उपकार माझे. मालवणातल्या एका साप्ताहिकाला ईदच्या अंकासाठी लेख हवा होता; मी बसलो आणि एका बैठकीत ‘ग्रंथ आणि गर्भ’ लिहिला. त्यात समुद्र होता, शिंपला होता, शिंपल्यातला मोती होता. आधुनिक शास्त्राने आज जे पाहिलं ते ग्रंथाने तंतोतंत आधीच सांगितल्याचं ‘आमच्या जीवशास्त्राच्या सरांचं’ मत होतं, म्हणजे मी त्यांचं करून टाकलं होतं. फक्त चित्र नव्हतं. मी सरांच्या घरी गेलो, ते नमाजला गेले होते, भाभी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी खालच्या फळीवरची एक वही काढली. वहीत पानापानावर चित्रं होती; त्यातलं मला सर्वांत देखणं वाटलं ते मी मोबाईलवर टिपलं. लाल पेन्सिलने रेषा काढलेल्या, मधे गोंडस वाकलेला जीव. खाली सरांच्या बारीक अक्षरात काही लिहिलं होतं, पण ते वाचायला खिशातला चष्मा लावावा लागला असता, आणि सौंदर्य काय चष्म्याने बघायचं? चित्राखाली मी ओळ दिली: ‘मातेच्या उदरातील मानवी अंकुर.’

लेखाने कहर केला. मोहल्ल्यात तो घराघरात वाचला गेला, मौलानांनी तो दुसऱ्याकडून हिंदीत करून घेतला, आणि हाजीसाहेबांची भरती एकदाची आली. शुक्रवारी नमाजनंतर मदरशाच्या अंगणात कार्यक्रम, सरांच्या हाती खोलीची किल्ली, आणि लेखक म्हणून मला शाल. सरांना किल्लीचं कळलं होतं, लेखाचं नव्हतं. माझं लिखाण ते वाचत नसत, माझ्याबद्दलचा आदर टिकावा म्हणून, असं तेच सांगत. गुरुवारी दुपारी अंगणाच्या दारावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे वाढदिवस असो की वास्तुशांत, फ्लेक्सशिवाय ती झाली असं धरत नाहीत. आठ फूट उंच, त्यावर ते लाल चित्र, एका कोपऱ्यात माझा फोटो. चार वाजता सर माझ्या घरी आले, मला माझ्याच स्कूटरवर बसवलं आणि त्या फ्लेक्ससमोर नेऊन उभं केलं. सोनेरी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, ‘‘मास्तर, ह्या माणसाचा नाय. ह्या कोंबयेचा.’’

तिसऱ्या दिवसाचं अंडं. आठ फूट उंच.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत कळकळीचं भाषण केलं. म्हटलं, सर, तीन वर्षांनी खोली मिळते आहे. उद्या किल्ली घ्या, मुली बसू द्या, सहा महिन्यांनी सांगा. आणि तसाही माणूस त्या वयात कोंबडीपेक्षा फार वेगळा दिसत नाही, हे तुम्हीच शिकवता. अहो, या गावात तुमच्याशिवाय हे ओळखणारा दुसरा एक माणूस नाही.

‘‘तोच एक माणूस माज्या घरात रवता,’’ सर म्हणाले. ‘‘सकाळी आरशात माका तेचाच तोंड बघूचा लागता.’’

शुक्रवारी अंगण भरलं होतं. माडीच्या जिन्यावर नऊ-दहा मुली ओळीने बसल्या होत्या. खोली त्यांची होणार होती. मौलानांनी फ्लेक्सकडे हात करून फार सुंदर बयान, म्हणजे प्रवचन, केलं. मला शाल घालण्यात आली. हाजीसाहेबांनी किल्ली काढली आणि सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले. मालवणी बाजूला ठेवून वर्गातली स्वच्छ मराठी काढली, तेव्हाच मी डोळे मिटले. ते म्हणाले की मागे लावलेलं चित्र माणसाचं नाही, कोंबडीच्या पिल्लाचं आहे, तीन दिवसांचं. आणि ग्रंथात सगळं गर्भशास्त्र आहे असं आपण कधी म्हटलेलं नाही. आपली श्रद्धा सूक्ष्मदर्शक बघायच्या आधीची आहे, ती त्याच्यावर टेकलेली नाही. मौलानांना अरबी कळतं तसं आपल्याला कळत नाही, आणि आपल्याला कोंबड्या कळतात तशा मौलानांना कळत नाहीत, तेव्हा दोघांनी आपापल्या खुर्चीवर बसावं हे बरं. मग त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. माझी शाल मला अचानक फार गरम होऊ लागली. सर म्हणाले, ‘‘चित्र माझ्या वहीतलं आहे. त्याच्याखाली मी नाव नीट लिहिलं नसणार. चूक माझी.’’

सबंध आयुष्यात त्या माणसाने जाहीरपणे केलेलं हे एकमेव खोटं, आणि ते त्याने माझ्यासाठी खर्च केलं. मी काय केलं? मी शाल सारखी केली. उठून ‘चूक माझी’ म्हणायला दोन शब्द पुरे होते, आणि मी तर शब्दांचा माणूस. हाजीसाहेबांनी किल्ली परत सदऱ्याच्या खिशात टाकली. कोणी आरडाओरडा केला नाही, त्यापेक्षा वाईट म्हणजे कोणी सरबत प्यायलाही थांबलं नाही. जिन्यावरच्या मुली एकेक करून उठल्या. मौलानांचा चेहरा असा झाला होता की जणू भर बाजारात कोणी त्यांची पगडी हळूच उचलून नेली.

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. म्हणजे जात होतं, पण चव लागत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी मी जेटीवर हाजीसाहेबांना गाठलं. ते ट्रॉलरच्या दोरांजवळ उभे होते. मी हवापाण्यापासून सुरुवात केली, बांगड्याच्या टंचाईवर आलो, मग साहित्यातल्या अनवधानावर आलो. हाजीसाहेब ऐकत राहिले आणि मला शेवटी सांगावंच लागलं: वही मी उघडली, चित्र मी उचललं, मत मी बनवलं, सरांच्या वहीत नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही.

‘‘माका म्हायत आसा,’’ हाजीसाहेब म्हणाले. ‘‘माजी चार पोरा सरांच्या हाताखाली शिकली. चित्राक नाव नाय असा तेंच्या वहीत होयत काय? मी फक्त तू खंयच्या दिवशी येतंस ता बघी होतंय.’’

मी विचारलं, मग किल्ली? ते म्हणाले, माझं काय आहे, पण मौलानांचा भर सभेत पाणउतारा झाला, ते परके गावचे, त्यांचं मन मोडून किल्ली कशी देऊ. तेव्हा मी सरांकडे गेलो. सरांना काही पटवावं लागलं नाही. ते स्वतःच कोंबडी बसवून दिवस मोजत होते. तिसऱ्या दिवशी, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर, त्यांनी मौलानांना घरी चहाला बोलावलं. मौलाना आले ते अवघडून, पायरीवरच उभे. सरांनी टोपलीतून एक अंडं काढलं, कात्रीने खिडकी कापली, सोनेरी चष्मा आपल्या नाकावरून काढून मौलानांना दिला आणि बाजूला झाले. मौलाना वाकले. भाभी ओट्यावर, मी दारात. मग मौलाना अगदी हळू, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, ‘‘सुब्हानल्लाह.’’

सर म्हणाले, ‘‘बस. इतना ही बोलना था.’’

चहा आल्यावर मौलानांनी विचारलं की हे मी बयानात सांगू का. सर म्हणाले, ‘‘ज़रूर बोलिए. मगर मुर्ग़ी को मुर्ग़ी बोलिए.’’ यावर आधी भाभी हसल्या, मग मौलाना, आणि चष्मा पुसता पुसता त्यांनी आणखी एकदा आत बघून घेतलं. पुढच्या जुम्म्याला त्यांनी खरोखरच कोंबडीला कोंबडी म्हणून इतकं सुंदर सांगितलं की हाजीसाहेब किल्ली घेऊन स्वतः सरांच्या घरी चालत गेले. जाळी आणि बांबू खाली आले. फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न होता. तो भाभींनी मागून घेतला आणि खुराड्याच्या छपरावर घातला. मजबूत माल, पावसाचा एक थेंब आत येत नाही. माझा फोटो कोंबड्यांच्या बाजूला आला आहे.

त्याला आता काही वर्षं झाली. खोली चालू आहे. मुलींनी पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा बसवून अंडी उबवायची पेटी केली आहे, भाभींच्या टोपलीवरचा भार कमी झाला. सरांचे डोळे मात्र गेले. पडद्याचा काही विकार, दोन्ही चष्मे निकामी झाले, काळाही आणि सोनेरीही. वरच्या फळीचं त्यांना पाठ आहे, त्यामुळे तिकडे अडत नाही. खालच्या फळीचं पाठ होत नसतं, ते दर वेळी नव्याने बघावं लागतं. तरी तिसऱ्या दिवशी ते माडी चढून येतात. गेल्या महिन्यात मीच त्यांना हात धरून वर नेलं. मुली यायला अवकाश होता. सर म्हणाले, त्या येण्याआधी एक बघून ठेव. मी पेटीतून अंडं काढलं, खिडकी कापली, त्यांच्या हाताशी बशी ठेवली. त्यांनी चेहरा बशीवर वाकवला, तिथे उजेड असावा तसा.

‘‘हलता काय रे?’’

मी पाहिलं. पिवळा बलक, स्वच्छ, शांत. ना रेषा, ना ठिपका. त्या वाकलेल्या म्हाताऱ्या मानेकडे पाहून माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: लाल जाळं, तिळाएवढा ठिपका, धडधड. हवं तर शिंपला आणि मोतीसुद्धा. त्यांना कळणार नव्हतं. या खोलीत आता ओळखणारा एकही माणूस नव्हता.

‘‘नाही सर,’’ मी म्हटलं. ‘‘यात काहीच नाही. नुसता बलक आहे.’’

सरांचा चेहरा हळूहळू उजळला, निकालाच्या दिवशी शेवटच्या बाकावरचा पोरगा पास झाल्यावर उजळायचा तसा. ‘‘पस्तीस वर्सां लागली तुका,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरा काढ.’’

मी दुसरं काढलं, कापलं, बशीत धरलं. जिन्यावर मुलींची पावलं वाजायला लागली होती.

‘‘हलतंय,’’ मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुढे एकही विशेषण लावलं नाही.